वेबसाठी एचटीटीपीऐवजी एनएफएस? विचार करताना आणि करून पाहताना या चुका टाळा

एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टिम) या प्रोटोकॉलने दूरच्या सर्व्हरवरचं फोल्डर आपल्या मशिनवर माउंट करता येतं, म्हणजे ते आपल्याच डिस्कवर असल्यासारखं दिसतं. मग फाइल उघडायची, वाचायची, बंद करायची. वेबचा पत्ता म्हणजे तरी काय, सर्व्हरचं नाव आणि पुढे एक पाथ. असं असताना ब्राउझरने एचटीटीपीचा, म्हणजे पानं मागण्याच्या वेगळ्या प्रोटोकॉलचा, एवढा खटाटोप का करावा? नेटवर्क शिकणाऱ्या बऱ्याच जणांना हा प्रश्न पडतो आणि तो विचारण्यासारखा आहे. मी तसा प्रयोग करून पाहिला होता. दूरच्या सर्व्हरवरचं चित्रांचं फोल्डर एनएफएसने वेब सर्व्हरवर माउंट केलं आणि साइट त्यावरून चालवली. दिवसभर सुरळीत चाललं. रात्री मधली लिंक काही मिनिटं गेली आणि वेब सर्व्हरच्या प्रोसेस एकेक करून त्या फोल्डरपाशी अडकल्या. ज्या पानांवर एकही चित्र नव्हतं, तीही उघडेनात, कारण ती द्यायला मोकळी प्रोसेसच उरली नव्हती. वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये एकही एरर नव्हती. कुठलंच काम फसलेलं नव्हतं; सगळी कामं वाट बघत होती.

तेव्हापासून मी हा प्रश्न वेगाचा किंवा सोयीचा म्हणून बघत नाही. दोन्ही प्रोटोकॉल बाइट्सच वाहतात, पण त्यांनी दिलेला शब्द वेगळा आहे. फाइल प्रोटोकॉल प्रोग्रामला सांगतो, ‘ही फाइल तुझ्याच डिस्कवर आहे असं समज.’ एचटीटीपी सांगतं, ‘तू विचार, मी उत्तर देतो, जमलं नाही तर तसं कळवतो.’ पुढच्या बहुतेक चुका या दोन शब्दांची गल्लत केल्यामुळे होतात.

## हे कुणी करून पाहिलंच नसेल असं समजणं

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस आणलं आणि १९९६ मध्ये त्याच कंपनीने ते वेबसाठी वापरायचा सरळ प्रस्ताव मांडला. नाव होतं वेबएनएफएस. ऑक्टोबर १९९६ मधल्या आरएफसी (इंटरनेटच्या प्रोटोकॉलांचे क्रमांकित दस्तऐवज) २०५४ आणि २०५५ मध्ये ब्रेंट कॅलॅहन यांनी त्याची रचना दिली, आणि पुढच्या वर्षी एनएफएसच्या पत्त्यांची पद्धत आरएफसी २२२४ मध्ये आली. हा प्रस्ताव वाचण्यासारखा आहे, कारण घोडं कुठे अडतं हे लिहिणाऱ्यांना नेमकं माहीत होतं. त्या वेळच्या साध्या एनएफएसमध्ये आधी माउंटचा वेगळा प्रोटोकॉल बोलून मुळाचं हँडल (सर्व्हर फाइल किंवा फोल्डर ज्या खुणेने ओळखतो ती) मिळवावं लागे. वेबएनएफएसने ‘पब्लिक फाइलहँडल’ ठरवून टाकलं: हँडल रिकामं किंवा शून्यांनी भरलेलं असेल तर सर्व्हरने जाहीर केलेलं फोल्डर समजायचं. दुसरी अडचण पाथची होती. एरवी पाथमधलं एकेक नाव वेगळं विचारावं लागतं. वेबएनएफएसमध्ये पूर्ण पाथ एकाच विनंतीत पाठवता येऊ लागला.

त्या वेळी त्याचा युक्तिवाद खरा होता. मे १९९६ च्या एचटीटीपी १.० मध्ये साधारणपणे प्रत्येक चित्रासाठी नवं कनेक्शन उघडलं जाई आणि अर्धवट तुटलेलं डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागे. एनएफएस एकाच कनेक्शनवर कितीही फाइली देऊ शकत होतं आणि हव्या त्या बाइटपासून वाचू शकत होतं. पण जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ आलं (आरएफसी २०६८), आणि त्यात टिकून राहणारं कनेक्शन होतं, फाइलचा हवा तेवढा तुकडा मागण्याची सोय होती, बदल ओळखायला ईटॅग ही आवृत्तीची खूण होती. वेबएनएफएसची दोन्ही ठळक बलस्थानं काही महिन्यांत सामायिक झाली.

त्यातली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. माउंट काढून टाका, पाथ एकदम पाठवा, ओळख न विचारता वाचू द्या, असे बदल करत गेल्यावर जे उरतं ते जवळजवळ ‘हा पाथ, दे बाइट्स’ असंच असतं. म्हणजे एनएफएसला वेबजोगं करताना ते एचटीटीपीच्याच दिशेने सरकत गेलं.

तेव्हापासून वारे उलट वाहत आहेत. वेबच्या आधीपासूनच्या एफटीपीचा आधार फायरफॉक्स आणि क्रोम या दोन्ही ब्राउझरांनी २०२१ मध्ये काढून टाकला. नेटवर्कवरून मशिन सुरू करायला वर्षानुवर्षं टीएफटीपी वापरलं जाई, ज्यात मूळ नियमाप्रमाणे ५१२ बाइट्सचा एक ठोकळा पाठवायचा आणि त्याची पोच आल्याशिवाय पुढचा पाठवायचा नाही. मशिन सुरू करणाऱ्या फर्मवेअरचं मानक असलेल्या यूईएफआयच्या २.५ या २०१५ च्या आवृत्तीत त्या कामासाठी एचटीटीपीची सोय आली. ॲमेझॉनची एसथ्री ही साठवण सेवा २००६ मध्ये सुरू झाली, तीही एचटीटीपीवरच बोलते.

## लाइन रुंद आहे म्हणून निश्चिंत राहणं

सगळ्यात जास्त वेळ मी याच चुकीत वाया गेलेला पाहिला आहे. दोन टोकांमध्ये १ गिगाबिटची लाइन आहे, मोठी फाइल कॉपी केली तर वेगाने येते, मग माउंट केलेलं फोल्डर उघडायला मिनिटं का लागतात?

कारण आकडा बघायचा तो फेरीचा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असेल तर प्रश्न जाऊन उत्तर यायला किमान १०० मिलिसेकंद लागतात, आणि पैसे मोजून हा आकडा कमी होत नाही. आता चार फोल्डरांच्या आत असलेली फाइल पहिल्यांदा उघडून बघा. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत चार फोल्डर आणि फाइल मिळून पाच लुकअप (नावावरून हँडल विचारणं), मग परवानगीची विचारणा, मग वाचन: सात फेऱ्या, ७०० मिलिसेकंद, आणि तेव्हा कुठे पहिला तुकडा हातात. यात कनेक्शन आणि माउंट धरलेलंच नाही. एचटीटीपीत कनेक्शन जोडणाऱ्या टीसीपीची एक, ते कूटबद्ध करणाऱ्या टीएलएस १.३ ची एक आणि विनंतीची एक अशा तीन फेऱ्यांत उत्तर यायला लागतं. दुसऱ्या फाइलीपासून फरक आणखी वाढतो: एचटीटीपी २ आणि ३ मध्ये ऐंशी फाइलींच्या विनंत्या एकाच दमात सोडता येतात.

इथे एनएफएसवर अन्याय करू नये. त्याच्या विनंत्यांनाही क्रमांक असतात आणि अनेक विनंत्या एकाच वेळी वाटेत असू शकतात. चौथ्या आवृत्तीत तर ‘कंपाउंड’ आहे: पाथ चालणं, उघडणं, वाचणं, सगळं एकाच पाकिटात बांधता येतं. मग अडतं कुठे? अडतं ते प्रोग्राम आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) यांच्यामधल्या फाइलच्या जुन्या कराराशी. प्रोग्राम ‘उघड’ म्हणतो आणि थांबतो, मग ‘वाच’ म्हणतो आणि थांबतो. उघडल्यावर तो वाचणार आहे की फक्त आकार बघणार आहे, हे कर्नलला आधी कळायचा मार्ग नाही. लिनक्सचं कर्नल पाथही एकेक नाव करत चालतं, कारण मधलं कुठलंही नाव सिमलिंक (दुसऱ्या पाथकडे वळवणारं नाव) किंवा दुसरा माउंट निघू शकतं. पाकीट मोठं आहे, पण त्यात काय भरायचं ते भरणाऱ्याला आधी माहीत नाही. त्यामुळे ‘नवी आवृत्ती घाला, विलंब जाईल’ हा सल्ला अर्धाच खरा ठरतो.

वाचनातही हेच होतं. एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत एका वाचनात जास्तीत जास्त ८ किलोबाइट येत. एकामागून एक वाचनं केली आणि फेरी १०० मिलिसेकंदांची असली, तर सेकंदाला ८० किलोबाइट एवढाच वेग मिळतो, लाइन कितीही रुंद असो. आज एकेक वाचन १ मेगाबाइटपर्यंत नेता येतं आणि कर्नल पुढचे तुकडे आधीच मागून ठेवतं, म्हणून सलग मोठी फाइल बरी चालते. पण मागणारा क्लायंट असतो, हा साचा तोच राहतो. एचटीटीपीत एकदा मागितलं की सर्व्हर वाट मावेल तेवढं स्वतःहून ढकलत राहतो.

तुमचं माउंट संथ असेल तर आधी हे वेगळं करा: एक मोठी फाइल आणि दहा हजार छोट्या फाइली यांचा वेळ स्वतंत्र मोजा. मोठी वेगात आणि छोट्या संथ असतील, तर दुखणं फेऱ्यांचं आहे. वाचनाचा आकार वाढवून किंवा जास्त कनेक्शनं लावून हाती फार काही लागणार नाही. दहा हजार फाइलींना एकेक फेरी धरली तरी १,००० सेकंद होतात, जवळजवळ १७ मिनिटं. एकाच खोलीतल्या नेटवर्कवर फेरी ०.२ मिलिसेकंदांची असते, तिथे हेच काम २ सेकंदांत उरकतं. अशा वेळी उपाय म्हणजे फाइली एका गठ्ठ्यात बांधून आणणं किंवा फक्त बदललेलं आणणाऱ्या आरसिंक या साधनाने स्थानिक प्रत ठेवणं. उलट मोठी फाइलही संथ असेल, तर चालू माउंटवर वाचनाचा आकार खरोखर किती ठरला आहे ते बघा. तुम्ही मागितलेला आणि सर्व्हरने मान्य केलेला आकार वेगळा असू शकतो. एनएफएसस्टॅट ही कमांड तो दाखवते.

## ‘हार्ड’ आणि ‘सॉफ्ट’ यांतला फरक न समजता माउंट करणं

माझी ती रात्र याच चुकीची होती. एनएफएसचा नेहमीचा माउंट ‘हार्ड’ असतो: सर्व्हर गप्प झाला तर क्लायंट अनंत काळ प्रयत्न करत राहतो. याची कारणं भक्कम आहेत. स्थानिक डिस्क मधेच ‘आत्ता नाही, नंतर ये’ म्हणत नाही, आणि बहुतेक प्रोग्राम तसं उत्तर हाताळायला लिहिलेलेच नसतात. ‘सॉफ्ट’ माउंट ठराविक प्रयत्नांनंतर एरर देतो, पण लिहिताना आलेली एरर अनेकदा फाइल बंद करताना कळते, आणि बंद करण्याचा निकाल न तपासणारे प्रोग्राम ढिगाने आहेत. अशा ठिकाणी डेटा गुपचूप खराब होतो.

सन मायक्रोसिस्टिम्सच्याच जिम वॉल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये या पर्यायाचं उदाहरण घेऊनच सांगितलं होतं की दूरची वस्तू जवळचीच आहे असं भासवणारी रचना मुळात अडचणीची आहे, कारण अर्धवट बिघाडाला त्या भासात जागा नाही. माझ्या मते वेबच्या बाबतीत हा मुद्दा निर्णायक आहे. वेबवर पलीकडचा सर्व्हर कधीही बंद असतो, संथ असतो, गायब झालेला असतो. तिथे ‘४०४’ (सापडलं नाही), ‘५०३’ (सेवा आत्ता उपलब्ध नाही) किंवा ‘वेळ संपली’ ही सुद्धा उत्तरंच आहेत, आणि त्यांवर काय करायचं ते ब्राउझर ठरवू शकतो. फाइलच्या दुनियेत यांतलं बहुतेक सगळं एका ‘इनपुट-आउटपुट एरर’मध्ये मावतं, किंवा काहीच न कळता प्रोसेस थांबून राहते.

मशिन अडकल्यासारखं वाटत असेल तर लक्षणं अशी दिसतात: लोड ॲव्हरेज (कामांच्या रांगेचा आकडा) चढत जातो पण प्रोसेसर मोकळा असतो, अडकलेल्या प्रोसेसची अवस्था ‘डी’, म्हणजे डिस्कची वाट बघत अडकलेली, दिसते, डिस्कची जागा दाखवणारी डीएफ कमांडही लटकते. कर्नलच्या लॉगमध्ये सर्व्हर प्रतिसाद देत नाही, प्रयत्न चालू आहेत, असा संदेश असतो. अशा वेळी डीएफ पुन्हा पुन्हा चालवू नका, प्रत्येक वेळी आणखी एक प्रोसेस अडकेल. कर्नलची माहिती दाखवणाऱ्या प्रॉक फोल्डरमधली माउंट्सची यादी वाचा. त्यासाठी सर्व्हरला विचारावं लागत नाही. मग एकेका माउंटवर मुदत घालून साधी स्टॅट कमांड चालवा आणि दोषी शोधा.

सर्व्हर परत येणार असेल तर हार्ड माउंट सोडून देणंच उत्तम. तो आला की सगळं जिथल्या तिथे पुढे सुरू होतं, आणि हेच हार्ड माउंटचं बळ आहे. येणार नसेल तर आधी जबरदस्तीचं अनमाउंट करा, म्हणजे थांबलेल्या विनंत्या एरर घेऊन परततील. ‘लेझी’ अनमाउंट फक्त नाव काढतं. अडकलेल्या प्रोसेस तशाच राहतात, आणि सगळं ठीक झाल्याचा गैरसमज होतो तो वेगळा.

वेळमर्यादेच्या पर्यायातली एक फसगत इथेच सांगतो. ‘टाइमिओ’ या पर्यायाची किंमत सेकंदाच्या दहाव्या भागात असते. ३० लिहिणाऱ्याला अर्धं मिनिट हवं असतं आणि मिळतात ३ सेकंद. टीसीपीवर मुळात ती ६०० असते, म्हणजे ६० सेकंद.

माझा पायंडा आता असा आहे: जिथे लिहायचं आहे तिथे हार्ड, फक्त वाचायचं आणि नसलं तरी चालेल अशा ठिकाणी सॉफ्ट, आणि लोकांसमोर असलेली साइट दूरच्या माउंटवर मुळीच ठेवायची नाही.

## प्रत्येक पान म्हणजे एक फाइल असं धरणं

१९९१ च्या पहिल्या एचटीटीपीपुरतं हे बरंचसं खरं होतं. एक ओळ पाठवायची, दस्तऐवज परत यायचा. आज एकाच पत्त्यावर मराठी वाचणाऱ्याला मराठी, दुसऱ्याला इंग्रजी, जुन्या ब्राउझरला जेपीईजी आणि नव्याला वेबपी चित्र मिळू शकतं. काय चालेल हे ब्राउझर विनंतीतच सांगतो आणि काय दिलं हे सर्व्हर उत्तरात लिहितो. एनएफएसला फाइलचा प्रकार माहीतच नसतो. नाव, आकार, मालक, वेळा एवढंच. प्रकार नावाच्या शेपटीवरून ओळखायचा. शोधाचा निकाल, लॉगिन, पैसे भरल्याची नोंद या तर फाइलीच नव्हेत. तिथे विनंती हाच अर्धा आशय असतो.

यावर फाइलवाल्यांकडे एक देखणं उत्तर आहे, आणि ते टाळून पुढे जाणं मला पटत नाही. बेल लॅब्सच्या प्लॅन ९ मध्ये सगळंच फाइलींच्या रूपात दिसतं आणि ९पी हा लहानसा प्रोटोकॉल ते नेटवर्कवरून नेतो. तिथल्या वेबएफएसमध्ये आधी ‘क्लोन’ नावाची फाइल उघडायची, तिच्यातून एक क्रमांक मिळतो, त्या क्रमांकाच्या फोल्डरातल्या नियंत्रणाच्या फाइलीत पत्ता लिहायचा आणि ‘बॉडी’ वाचायची. म्हणजे ‘विचारा आणि उत्तर घ्या’ हा व्यवहार फाइलींमधून बोलता येतो. पण हिशेब करा: उघडणं, वाचणं, लिहिणं, पुन्हा उघडणं, पुन्हा वाचणं. एकाच मशिनवर हे फुकट आहे. १०० मिलिसेकंदांच्या वाटेवर प्रत्येक पायरीची किंमत मोजावी लागते. प्लॅन ९ मध्येही वेबएफएस फाइलींचं रूप आतल्या बाजूला दाखवतं आणि बाहेरच्या जगाशी एचटीटीपीच बोलतं. ९पी वाया गेलं असं मात्र नाही. ते जवळच्या अंतरावर छान रुजलं: व्हर्च्युअल मशिन आणि यजमान यांच्यात, आणि विंडोजमधल्या लिनक्सच्या फाइली दाखवताना.

## माउंट थेट इंटरनेटवर उघडणं

एनएफएसची नेहमीची ओळखपद्धत अशी की क्लायंट सांगतो, ‘मी वापरकर्ता क्रमांक १०००’ आणि सर्व्हर विश्वास ठेवतो. एकाच कार्यालयातल्या, एकाच प्रशासकाच्या मशिनसाठी हा करार चालतो. अनोळखी माणसासमोर तो निरर्थक आहे, कारण क्रमांक कुणीही काहीही सांगेल. कर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या प्रणालीने ओळख पक्की होते, पण त्यासाठी प्रत्येक वापरकर्त्याचं खातं आधी असावं लागतं. वेबवर येणारा वाचक मुळात अनोळखीच असतो. एनएफएसची वाहतूक टीएलएसने झाकण्याचं मानक २०२२ मध्ये आलं (आरएफसी ९२८९). ते वापरा. त्याने मधला चोर रोखला जातो, क्लायंटने सांगितलेला क्रमांक खरा ठरत नाही.

विंडोजमधल्या एसएमबी या फाइल प्रोटोकॉलची गोष्ट तर सगळ्यांसमोर घडली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर पसरलं ते एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या त्रुटीतून, आणि इंटरनेटवर उघडं ठेवलेलं ४४५ पोर्ट ही त्याची वाट होती. अनेक इंटरनेट कंपन्या ते पोर्ट अडवतात. बाहेरून एसएमबी जोडलं जात नसेल तर पहिला संशय तिथेच घ्या. पुढे मायक्रोसॉफ्टने एसएमबी क्विकवरून नेण्याची सोय केली. क्विक हे एचटीटीपी ३ चं वाहन आहे, म्हणजे बाहेर पडताना फाइल प्रोटोकॉललाही वेबचाच रस्ता धरावा लागला.

कुठलं फोल्डर कुणाला द्यायचं हे सर्व्हरला सांगणाऱ्या एक्सपोर्ट्स फाइलीतली एक चूक मी लाल शाईने लिहून ठेवली आहे. यजमानाचं नाव आणि त्यापुढचा पर्यायांचा कंस यांच्यात जागा सोडू नका. जागा सुटली की नावाला नुसत्या मूळ परवानग्या मिळतात आणि कंसातले पर्याय, समजा लिहिण्याचा हक्क, सगळ्या जगाला लागू होतात. फाइल वाचताना ही जागा डोळ्यांना खटकत नाही. एक्सपोर्ट केल्यावर सर्व्हरला चालू यादी विचारा आणि तिथे ताऱ्याचं चिन्ह किंवा ‘वर्ल्ड’ असं दिसतं का ते बघा.

राउटरमागून माउंट नाकारला जात असेल तर आणखी एक कारण तपासा: सर्व्हर मुळात १०२४ च्या खालच्या पोर्टवरूनच आलेली विनंती मानतो आणि राउटर पोर्ट बदलून टाकतो. ‘इनसिक्युअर’ पर्यायाने ते सुटतं, पण त्याआधी व्हीपीएनचा विचार करा. सगळ्या फाइलींचा मालक ‘नोबडी’ दिसत असेल तर चौथ्या आवृत्तीच्या नावजुळणीसाठीचं डोमेन दोन्हीकडे एकच आहे का ते पहा. परवानगी असून नाकारली जात असेल आणि वापरकर्ता पुष्कळ गटांत असेल, तर साध्या ओळखपद्धतीत फक्त १६ गट पाठवता येतात हे आठवा.

## कॅशे दोन्हीकडे आहे म्हणजे सारखीच आहे असं मानणं

एनएफएस क्लायंट फाइलचे गुणधर्म काही काळ जपून ठेवतो: लिनक्सवर मुळात फाइलींसाठी ३ ते ६० सेकंद, फोल्डरांसाठी ३० ते ६०. फाइल बंद करताना बदल सर्व्हरकडे जातात आणि दुसऱ्याने ती उघडताना सर्व्हरला पुन्हा विचारलं जातं. म्हणजे प्रत्येक उघडण्यामागे एक फेरी आलीच. ती वाचवायला चौथ्या आवृत्तीत ‘डेलिगेशन’ आहे: सर्व्हर म्हणतो, ‘ही फाइल तू निर्धास्त वापर, कुणी बदलायला आलं तर मी तुला कळवीन.’ कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या एएफएस या फाइल प्रणालीत हीच कल्पना आधीपासून होती. पन्नास क्लायंट असतील तर कल्पना सुंदर आहे. दहा लाख अनोळखी वाचक असतील तर सर्व्हरने प्रत्येकाला दिलेला शब्द लक्षात ठेवायचा आणि बदल झाला की सगळ्यांना गाठायचं. त्यातले निम्मे तोवर लॅपटॉप मिटून निघून गेलेले असतात.

एचटीटीपीने उलटा मार्ग घेतला. सर्व्हर उत्तरासोबतच सांगतो, ‘हे तासभर ताजं समज,’ आणि वाचकाला विसरून जातो. तास संपला की वाचक ईटॅग दाखवून विचारतो, बदललं नसेल तर ‘३०४’ (बदल नाही) एवढं छोटं उत्तर येतं. आणि ही सूचना मधल्या कुणालाही वाचता येते, त्यामुळे वाटेतले कॅशे सर्व्हर लाखो वाचकांना मूळ सर्व्हरपर्यंत न जाता उत्तर देऊ शकतात. याला माझ्या लेखी एचटीटीपीच्या यशात सर्वांत मोठा वाटा आहे, आणि फाइल प्रोटोकॉलच्या शब्दात ते बसत नाही: ‘कदाचित तासभर जुनी असेल’ असं कुठलीही डिस्क म्हणत नाही.

माउंटवर आत्ताच तयार झालेली फाइल दुसऱ्या मशिनवर ‘नाही’ दिसत असेल, तर ‘नाही’ हे उत्तरही जपून ठेवलं जातं म्हणून. लुकअपकॅशेचा पर्याय ‘पॉझिटिव्ह’ करा. वैतागून सगळी गुणधर्म-कॅशे बंद केली तर फेऱ्यांचा पूर येईल. ‘स्टेल फाइल हँडल’ ही एरर येत असेल तर क्लायंटने धरलेली फाइल पलीकडे पुसली गेली आहे. नवी आवृत्ती जुन्या फाइली पुसून त्याच जागी टाकणाऱ्या साइटवर हे हमखास होतं. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरात ठेवा, सिमलिंक वळवा आणि जुनं फोल्डर काही तास राहू द्या.

## छोट्या, पण दिवस खाणाऱ्या चुका

टीसीपीऐवजी यूडीपीवर (पोच न मागणारी वाहतूक) एनएफएस चालवू नका. वेगवान नेटवर्कवर तुकड्यांचे १६ बिटांचे क्रमांक भराभर फिरून परत येतात आणि दोन वेगळ्या पाकिटांचे तुकडे एकत्र जोडले जाऊ शकतात.

माउंट होतं, छोटं फोल्डर दिसतं, पण मोठी फाइल किंवा मोठं फोल्डर उघडलं की सगळं थांबतं? हे जवळजवळ नेहमी वाटेतल्या पाकिटाच्या कमाल आकाराचं दुखणं असतं. तुकडे न करण्याची सूचना देऊन वाढत्या आकाराचे पिंग पाठवा, कुठे थांबतं ते कळेल.

तिसरी आवृत्ती फायरवॉलपलीकडे नेताना फक्त २०४९ पोर्ट उघडून भागत नाही. १११ आणि माउंट, लॉक यांचे बदलते पोर्टही लागतात. चौथीला २०४९ पुरतं. मात्र सर्व्हर केवळ चौथी आवृत्ती देत असेल तर शोमाउंट ही यादी विचारणारी कमांड काही दाखवणार नाही, आणि त्यावरून सर्व्हर बंद आहे असा निष्कर्ष काढू नका.

अपाचे या वेब सर्व्हरची मूळ फाइलींची जागा एनएफएसवर असेल तर त्याचे एममॅप आणि सेंडफाइल हे फाइल थेट वाचण्या-पाठवण्याचे पर्याय बंद ठेवा. वाचत असताना पलीकडे फाइल आखूड झाली तर प्रोसेस कोसळते. फाइल बदलली की आपोआप काम करणारी साधनं माउंटवर भरवशाची नाहीत, कारण लिनक्समधल्या आयनोटिफाय या बदल कळवणाऱ्या सोयीला दुसऱ्या मशिनने केलेले बदल कळत नाहीत. एसक्यूलाइट या डेटाबेसची वॉल (बदल आधी वेगळ्या फाइलीत नोंदण्याची) पद्धत नेटवर्क फाइल सिस्टिमवर चालत नाही; डेटाबेस स्थानिक डिस्कवरच ठेवा.

## उलटी चूक: एचटीटीपीला डिस्क बनवणं

वेबडॅव्हने १९९९ मध्ये एचटीटीपीला फोल्डर, कॉपी, हलवणं आणि कुलूप दिलं. दस्तऐवज उघडून सुधारायला ते पुरेसं आहे. ड्राइव्ह म्हणून जोडलं की कुरकुर सुरू होते. विंडोजवर मोठी फाइल आकाराची मर्यादा सांगून नाकारली जात असेल तर दोष सर्व्हरचा नसेल. विंडोजच्या वेबक्लायंटची स्वतःची मर्यादा मुळात ५० मेगाबाइटच्या आसपास असते, ती रजिस्ट्रीत वाढवता येते.

एसथ्रीसारखी साठवण माउंट करून दाखवणारी साधनंही मिळतात. तिथे फोल्डर हे नावाच्या सुरुवातीच्या अक्षरांपलीकडे काही नसतं. १०,००० फाइलींच्या फोल्डराचं नाव बदलणं म्हणजे १०,००० कॉपी आणि वर जुन्या प्रती पुसणं. १ गिगाबाइटच्या फाइलीतला एक बाइट बदलला तरी पूर्ण फाइल पुन्हा चढवली जाते. लॉग लिहायला किंवा डेटाबेस ठेवायला असं माउंट वापरलं तर तक्रार माउंटची नसते.

मात्र फक्त वाचायचं असेल तर एचटीटीपीकडून फाइलसारखं काम छान करून घेता येतं, कारण हवा तेवढा तुकडा मागता येतो. क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफ हे उपग्रहचित्रांचं रूप याच सोयीवर उभं आहे: सुरुवातीच्या भागात कुठला तुकडा कुठे आहे याची यादी, आणि मग नकाशाचा लागेल तेवढाच भाग. इथे प्रोग्रामला पुढचा पल्ला दूरचा आहे हे माहीत असतं आणि तो फेऱ्या मोजून मागतो. १९९६ मध्ये वेबएनएफएसला जे द्यायचं होतं, त्यातला मोठा वाटा असा एचटीटीपीतून मिळाला.

## एकाच खोलीत चाचणी करणं

आपल्या कामाला फाइल प्रोटोकॉल चालेल का, हे वाचून ठरवू नका. पण दोन्ही मशिन शेजारी ठेवून केलेली चाचणीही काही सांगत नाही. लिनक्सवर टीसी कमांडच्या नेटएमने कृत्रिम विलंब घालता येतो. फेरी १०० मिलिसेकंदांची करा, शेकडा १ पाकीट हरवू द्या. मग चार गोष्टी बघा. दहा हजार छोट्या फाइली वाचायला किती वेळ लागतो. फाइल वाचत असताना केबल काढून दहा मिनिटांनी परत लावली तर प्रोग्राम काय करतो, आणि त्या दहा मिनिटांत मशिनवरची इतर कामं चालू राहतात का. सर्व्हरवर फाइल बदलली तर क्लायंटला किती सेकंदांनी कळतं. आणि सर्व्हर बंद करून चालू केला तर उघड्या फाइलींचं काय होतं. हीच चाचणी त्याच फाइली एचटीटीपीने देऊन पुन्हा करा आणि आकडे शेजारी शेजारी लिहा.

नेटएम लावताना कुठल्या इंटरफेसवर लावला ते टिपून ठेवा. तुम्ही त्याच इंटरफेसवरून एसएसएचने आत असाल तर तुमचं टायपिंगही तेवढंच उशिरा पोचेल, आणि केबल काढल्यावर आत जायला दुसरी वाट लागेल. ती आधी उघडून ठेवा.